पडद्यावरचा ठिपका कुणाचा?

(कुरकुंभ येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



सैनिकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्यासपीठावर शौर्याच्या कथा सांगायची आपल्याकडे रीत आहे, आणि ती योग्यच आहे. या भागात ती जास्तच योग्य, कारण दौंडला राज्य राखीव पोलीस दल आहे आणि दर चार-दोन घरांमागे कुणीतरी गणवेशात आहे किंवा होतं. तरीही आज मी एका अडचणीच्या विषयावर बोलणार आहे. युद्धात आपलंच विमान आपल्याच माणसाच्या माऱ्यानं पडतं, तेव्हा नेमकं काय झालेलं असतं? लष्करात याला फ्रेंडली फायर म्हणतात. त्या घटनेत ‘फ्रेंडली’ काही नसतं, पण शब्द रुळलाय, तर तोच वापरू.

सुरुवात आपल्या जवळच्या उदाहरणापासून करतो. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेच्या सकाळी पाकिस्तानची विमानं जम्मू-काश्मीरच्या दिशेनं आली, आपली विमानं त्यांना अडवायला गेली. अभिनंदन वर्धमान यांचं मिग-२१ पडलं, ते पलीकडे पकडले गेले. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, टीव्हीनं ते करून ठेवलंय. त्याच सकाळी, दहाच्या सुमाराला, श्रीनगरजवळ बडगाम जिल्ह्यात हवाई दलाचं एक एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. आतले सहा जण गेले आणि खाली जमिनीवर असलेला एक काश्मिरी नागरिक गेला. त्या दिवशी देशाचं सगळं लक्ष अभिनंदन यांच्याकडे होतं. हेलिकॉप्टरची बातमी ‘तांत्रिक बिघाड असावा’ अशा सुरात आतल्या पानावर गेली.

त्या सहा जणांत स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. हे आडनाव ऐकलं की इथल्या माणसाला शिरूरचं मांडवगण फराटा आठवणारच, पण हे घर नाशिकचं. त्यांच्याबरोबर दुसरे वैमानिक स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ होते. नाशिकला अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी आपण पाहिली. त्या गर्दीतल्या कुणालाही तेव्हा माहीत नव्हतं की हेलिकॉप्टर पाडणारं क्षेपणास्त्र श्रीनगरच्या आपल्याच तळावरून सुटलं होतं.

स्पायडर नावाची इस्रायली बनावटीची यंत्रणा. जवळच्या पल्ल्याची, झटपट मारा करणारी. शत्रूचं विमान तळाच्या अंगावर आलं तर विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणूनच ती बनवलेली. त्या सकाळी तळावर सावधानतेचा इशारा होता. हेलिकॉप्टर उडालं होतं, त्याला परत बोलावलं गेलं आणि ते परत येत होतं. तळाच्या दिशेनं खालून, हळू येणारी एक अनोळखी वस्तू, असा तो पडद्यावरचा ठिपका होता. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. तिच्या निष्कर्षांबद्दल ज्या गोष्टी बाहेर आल्या त्या अशा: हेलिकॉप्टरमधली ओळख सांगणारी यंत्रणा बंद होती, जमिनीवरची माणसं आणि हेलिकॉप्टर यांच्यात संपर्काची तूट होती, आणि ठरलेल्या कार्यपद्धती पाळल्या गेल्या नव्हत्या. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी हवाईदल प्रमुख राकेशकुमारसिंह भदौरिया यांनी पत्रकारांसमोर मान्य केलं की आपल्याच क्षेपणास्त्रानं हे हेलिकॉप्टर पडलं आणि ही मोठी चूक होती. फेब्रुवारी ते ऑक्टोबर. मधे लोकसभेची निवडणूक होऊन गेली. मी भाष्य करत नाही, तारखा सांगतोय.

आता ही ओळख सांगणारी यंत्रणा, आयएफएफ, जरा नीट समजून घेऊ, कारण माझं सगळं म्हणणं तिच्याभोवती आहे. जमिनीवरून किंवा दुसऱ्या विमानातून एक सांकेतिक प्रश्न रेडिओनं विचारला जातो. विमानातलं यंत्र योग्य संकेतात उत्तर देतं. उत्तर बरोबर आलं, तर ते विमान आपलं. इथपर्यंत सरळ आहे. पण उत्तर आलंच नाही तर? यंत्र बंद असेल. बिघडलेलं असेल. जुना संकेत लावलेला असेल. किंवा खरोखर शत्रू असेल. म्हणजे हे यंत्र फक्त ‘आपला’ एवढंच सांगू शकतं. ‘शत्रू’ हे ते कधीच सांगत नाही. त्याचं गप्प राहणं म्हणजे ‘माहीत नाही’. आणि मला जेवढ्या घटना वाचायला मिळाल्या, त्यातल्या बहुतेकींत माणूस मेला तो याच जागी: कुणीतरी ‘माहीत नाही’ला ‘शत्रू’ धरलं.

इथे एमआयडीसीत काम करणारी मंडळी समोर बसलेली आहेत, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. रिअॅक्टरच्या आत किंवा मोटरवर माणूस कामाला उतरतो तेव्हा पॅनेलचा स्विच बंद करून त्याला कुलूप घालतात, वर टॅग लटकवतात: माणूस कामावर आहे, चालू करू नये. वर्क परमिटवर सही होते. आणि कुलपाची किल्ली कुणाच्या खिशात असते? आत उतरलेल्या माणसाच्या. तो बाहेर आल्याशिवाय कुणीही बटण दाबू शकत नाही, मग सुपरवायझर कितीही घाईत असो. आकाशात नेमकं उलटं आहे. टॅग विमानाच्या अंगावर असतो, पण किल्ली खाली, बटणापाशी बसलेल्याच्या खिशात. वरचा माणूस फक्त आशा करू शकतो की आपला टॅग कुणीतरी वाचतंय. मांडवगणे आणि वशिष्ठ यांचा टॅग बंद होता हे खरं. पण तळावरून हेलिकॉप्टर उडालं होतं, हे तळालाच ठाऊक होतं. ती माहिती तळावरच्या एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे पोचायला हवी होती.

हे काही आपल्या हवाई दलाचं खास दुखणं नाही. उलट या प्रकाराचा पहिला मोठा धडा इंग्लंडच्या आकाशात मिळाला, आणि तो इतका नमुनेदार आहे की त्यावर थोडा वेळ घालवतो.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटननं युद्ध पुकारलं. तीनच दिवसांनी, ६ तारखेला सकाळी, एसेक्सच्या किनाऱ्यावरच्या एका सर्चलाइट तुकडीनं कळवलं की अनोळखी विमानं दिसताहेत. नॉर्थ वील्डच्या तळावरून ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची हरिकेन विमानं वर गेली. त्या काळचं रडार समुद्राकडे तोंड करून उभं, पण त्याच्या पाठीमागून आलेला प्रतिध्वनीही त्यात पकडला जाई. पुढचा कोणता आणि मागचा कोणता हे ओळखायची वेगळी सोय होती. ती नीट चालली नाही, असं नंतर सांगण्यात आलं. परिणाम काय? पश्चिमेकडून, म्हणजे स्वतःच्या तळावरून उठलेली विमानं पडद्यावर पूर्वेकडून, म्हणजे समुद्रावरून येताना दिसू लागली. शत्रू आला म्हणून आणखी विमानं पाठवली. ती उडाली की पडद्यावर शत्रू आणखी वाढला. म्हणून आणखी पाठवली. शत्रूचं एकही विमान आकाशात नव्हतं आणि पडद्यावर मोठा हल्ला चालू होता.

शेवटी हॉर्नचर्चच्या ७४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या स्पिटफायर विमानांना दोन हरिकेन दिसली आणि त्यांनी ती पाडली. फ्रँक रोझ वाचला. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक गेला. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेला हा ब्रिटनचा पहिला लढाऊ वैमानिक, आणि स्पिटफायरनं लढाईत पाडलेलं पहिलं विमान हरिकेन होतं. गोळ्या झाडणाऱ्या दोघांवर, बर्न आणि फ्रीबॉर्न यांच्यावर, कोर्टमार्शल झालं. त्यांचा नेता ‘सेलर’ मलान म्हणाला, हल्ला थांबवा असं मी ओरडून सांगितलं होतं. वैमानिकांचं म्हणणं, हुकूम हल्ल्याचाच होता. दोघेही निर्दोष सुटले. मला हा निकाल योग्य वाटतो. शत्रू आलाय असं ज्याला खालून सांगून पाठवलंय, त्यानं वर जाऊन खालच्या रडारची परीक्षा घ्यायची कशी? त्या सकाळी सापळा जमिनीवर लागला होता, वैमानिक त्यात नुसते सापडले. ब्रिटननं मात्र त्यातून शिकून घेतलं: आयएफएफ यंत्रं विमानांत बसवण्याचं काम त्यानंतर नेटानं पुढे रेटलं गेलं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात जर्मन विमानं खरोखर आली तेव्हा ती साखळी बऱ्यापैकी सुधारलेली होती.

यंत्रं आल्यावर प्रश्न सुटला का? जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर उतरताना अमेरिकेनं छत्रीधारी सैनिक घेऊन १४४ मालवाहू विमानं पाठवली. त्यांतली २३ आपल्याच जहाजांच्या आणि तोफांच्या माऱ्यात पडली. थोड्याच वेळापूर्वी जर्मन विमानांनी हल्ला केला होता, तोफांवरची माणसं तापलेली होती. म्हणून पुढच्या वर्षी नॉर्मंडीच्या वेळी दोस्तांनी यंत्रावर भिस्त न ठेवता सरळ ब्रश हातात घेतले. हजारो विमानांच्या पंखांवर आणि पोटावर काळे-पांढरे जाड पट्टे रंगवले, तेही शेवटच्या काही दिवसांत, म्हणजे जर्मनांना नक्कल करायला वेळ मिळू नये.

असाच पट्टा, फक्त पिवळा, आपल्याही इतिहासात आहे. आणि त्या गोष्टीचा नायक मराठी आहे.

कमांडर मोहन नारायणराव सामंत हे पाणबुडीवाले अधिकारी. जुन्या ‘आयएनएस करंज’ पाणबुडीचे ते पहिले कमांडिंग ऑफिसर. १९७१ साली बांगलादेशी मुक्तिवाहिनीचे नौसैनिक घडवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. डिसेंबरात युद्ध सुरू झालं तेव्हा ‘आयएनएस पनवेल’ ही छोटी गस्ती नौका आणि मुक्तिवाहिनीच्या ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या दोन गनबोटी घेऊन ते सुंदरबनच्या खाड्यांतून मोंगला आणि खुलन्याकडे निघाले. या दोन गनबोटी म्हणजे कलकत्ता बंदराची साधी जहाजं, त्यांवर तोफा बसवलेल्या. पाकिस्तानी नौदलाच्या बोटी अशाच दिसायच्या, त्याच पाण्यात असायच्या. म्हणून हवाई दलाला आगाऊ कळवलेलं होतं आणि बोटींवर वरून दिसेल अशी पिवळी खूण केलेली होती.

१० डिसेंबरला मोंगला हाती आलं. दुपारी खुलन्याजवळ तीन विमानं दिसली. भारतीय नॅट. मुक्तिवाहिनीच्या नौसैनिकांना वाटलं आता शत्रूची खैर नाही. विमानं वळली आणि त्यांनी पद्मा, पलाशवर मारा केला. दोन्ही बोटी जळाल्या. पलाशच्या इंजिन रूममध्ये रुहुल अमीन नावाचे आर्टिफिसर होते. बोट सोडायचा हुकूम सुटूनही ते इंजिन चालू ठेवायच्या खटपटीत राहिले, जखमी झाले, कसेबसे काठाला लागले आणि तिथे पाकिस्तानच्या बाजूच्या रझाकारांच्या हाती सापडून मारले गेले. बांगलादेशानं ‘बीर श्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान ज्या सात जणांना दिला, त्यांतले ते एक. पनवेल वाचली. सामंतांनी पाण्यातली माणसं उचलली आणि मोहीम सोडली नाही. त्यांना महावीर चक्र मिळालं, आणि नव्या बांगलादेशाच्या नौदलाचे पहिले प्रमुख म्हणूनही त्यांनी काम पाहिलं. २०१९ साली ते गेले, म्हणजे बडगामच्याच वर्षी.

वरच्या वैमानिकाच्या जागी स्वतःला बसवून बघा. ताशी सातशे-आठशे किलोमीटरचा वेग, खाली नदीचा गढूळ पट्टा, त्यावर तोफा असलेली करडी बोट. पिवळं कापड दिसलंही असेल, पण दोन सेकंद. तिथे निर्णय डोळे घेत नाहीत. उड्डाणाआधी ब्रीफिंगमध्ये जे सांगितलं गेलं ते घेतं. या पाण्यात सगळं शत्रूचं, एवढंच सांगितलं असेल तर पिवळं कापड हे फक्त पिवळं कापड राहतं.

त्याआधी १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये असंच झालं होतं. पाकिस्तानी रणगाडे मुसंडी मारत आले, लष्करानं हवाई दलाची मदत मागितली. दुपारी चारच्या सुमाराला हवाईदल प्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे आले आणि यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. संध्याकाळ व्हायला आली असताना पठाणकोटहून व्हँपायर आणि मिस्टेअर विमानं निघाली. उतरता प्रकाश, धुरळा, आणि खाली दोन्ही सैन्यं एकमेकांत मिसळलेली. शत्रूचं नुकसान झालं, आपली चार व्हँपायर पडली. पण आपल्याच वीस लान्सर्सचे तीन रणगाडे आणि महार रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीच्या दारूगोळ्याच्या गाड्याही आपल्या विमानांच्या माऱ्यात गेल्या. यशवंतरावांचा निर्णय चुकला असं कुणी म्हणू नये. ती विमानं गेली नसती तर अखनूरचा पूल धोक्यात होता. पण रणगाड्यांत बसलेल्यांना आणि विमानांत बसलेल्यांना एकमेकांशी बोलता येईल अशी व्यवस्था तिथे असती, तर किंमत कमी मोजावी लागली असती.

एक उदाहरण असं घेतो जिथे युद्धाचा गोंधळसुद्धा नव्हता. १४ एप्रिल १९९४, उत्तर इराकचं आकाश. अमेरिकेची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं अमेरिकेच्याच दोन एफ-१५ विमानांनी पाडली. २६ माणसं गेली. अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच, तुर्की, कुर्द. वर अवॅक्स विमान होतं, ज्याचं कामच आकाशातल्या प्रत्येकावर नजर ठेवणं. त्यातल्या लोकांना हेलिकॉप्टरांची माहिती होती. पण हेलिकॉप्टरांचा आयएफएफ संकेत त्या क्षेत्रासाठी चुकीचा होता, त्यांची रेडिओ वारंवारता वेगळी होती, आणि पंखांना लावलेल्या जादा टाक्यांमुळे एफ-१५ च्या वैमानिकांना ती रशियन हाइंड वाटली. जवळ जाऊन पाहिलं होतं, बरं का. डोळ्यांनी पाहूनच ठरवलं. आधी यंत्रानं ‘माहीत नाही’ म्हटलं होतं, मग डोळ्यांनी जे पाहायचं मनात होतं तेच पाहिलं. स्कॉट स्नूक या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यानं या घटनेवर पुस्तक लिहिलं. ग्रेनाडात १९८३ साली तो स्वतः आपल्याच विमानाच्या माऱ्यात जखमी झालेला. त्याचा निष्कर्ष असा की नियम कागदावर राहतात आणि प्रत्येक तुकडी रोजच्या कामात आपापल्या सोयीनं थोडी थोडी सरकत जाते. कुणीच मोठा गुन्हा करत नाही. सगळ्यांचं सरकणं एका दिवशी एकत्र येतं. शॉप फ्लोअरवर काम केलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर २००३ मध्ये पॅट्रियट क्षेपणास्त्रानं कुवेतच्या तळावर परतणारं ब्रिटिश टोर्नेडो पाडलं, आतले दोघेही गेले. डिसेंबर २०२४ मध्ये तांबड्या समुद्रावर अमेरिकी युद्धनौकेनं अमेरिकेचंच सुपर हॉर्नेट पाडलं. सुदैवानं दोघे वैमानिक वाचले. १९४० साली मुसोलिनीचा जुना साथीदार इतालो बाल्बो याचं विमान लिबियात तोब्रुकला उतरताना इटलीच्याच तोफांनी पाडलं, ब्रिटिश हल्ला नुकताच होऊन गेला होता म्हणून. यातला एक धागा बघा: घरी परतणारं विमान, आणि नुकताच धक्का खाल्लेला तळ. बडगामही असंच. शत्रूच्या हद्दीत जाताना माणूस सावध असतो, सगळी यंत्रणा त्याच्यामागे उभी असते. परतीच्या वाटेवर, आपल्या तळाच्या डोक्यावर, त्याच्याकडे लक्ष द्यायची जबाबदारी नेमकी कुणाची हेच सैल पडतं.

मग दोष कुणाचा? बडगामच्या प्रकरणी तळावरच्या एका ग्रुप कॅप्टनला बडतर्फ करण्याची शिफारस जनरल कोर्टमार्शलनं २०२३ मध्ये केली, आणि ते प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयातल्या गोष्टीवर मी इथे निवाडा करणार नाही. ज्यानं जबाबदारीच्या खुर्चीत बसून चूक केली त्यानं उत्तर दिलंच पाहिजे. पण एका माणसाला घरी पाठवलं की संस्था सुधारली, असं समजणं सोयीचं असतं. तो माणूस जातो, ती खुर्ची, तो पडदा आणि तो बंद टॅग तिथेच राहतात.

अशा प्रसंगी लोक विचारतात, ते शहीद का? याला उत्तर सरकारनंच दिलंय. जानेवारी २०२० मध्ये मांडवगणे आणि वशिष्ठ यांना मरणोत्तर वायुसेना पदक जाहीर झालं, उरलेल्या चौघांचा गौरवपूर्ण उल्लेख झाला. युद्धाच्या आकाशात आपलं काम करत असताना ते गेले. शेवटचा मारा कुठून आला यावरून त्यांचं मोल ठरत नाही. खाली जमिनीवर मेलेल्या त्या काश्मिरी माणसाच्या घरच्यांनाही हाच प्रश्न पडला असेल, आणि त्यांच्यासाठी असं कुठलंच पदक नसतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि मी आलोय तो याच्यासाठी. १९९४ च्या ब्लॅक हॉक प्रकरणाचा चौकशी अहवाल अमेरिकेनं प्रसिद्ध केला, म्हणून स्नूकला पुस्तक लिहिता आलं आणि जगभरच्या हवाई दलांना, अगदी इस्पितळांना आणि कारखान्यांनाही, त्यातून शिकता आलं. टोर्नेडोचा अहवाल ब्रिटननं लोकांसमोर ठेवला. बडगामच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा अहवाल आपल्यासमोर नाही. आपल्याला जे ठाऊक आहे ते पत्रकार परिषदेतून आणि वर्तमानपत्रांतून. सुरक्षेचं कारण मला मान्य आहे. क्षेपणास्त्राचा पल्ला, संकेत, रडारची जागा, हे कुणी मागत नाही. ते सगळं काळ्या शाईनं झाकावं. पण त्या सकाळचं वेळापत्रक छापावं: हेलिकॉप्टर केव्हा उडालं, परत बोलावलं केव्हा, ते येतंय हे कुणाला माहीत होतं, त्यानं कुणाला सांगितलं, कुणाला सांगितलं नाही, आणि ‘अनोळखी’चा ‘शत्रू’ नेमका कोणत्या मिनिटाला झाला.